माझी ठेव आणि डॅनीचं वेगळं रिटर्न

हसायचं नाही हं, आधीच बजावते. रागाच्या भरात मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय!

माझा नवरा डॅनी अमेरिकन. आम्ही राहतो सनाबिसला. इथे बहरीनमध्ये पगारावर कर नाही, पण ही अमेरिकेची माणसं चंद्रावर गेली तरी तिथून रिटर्न भरतील! परवा तो लॅपटॉपवर तेच करत बसला होता. मी चहा घेऊन गेले, बघते तर काय? 'विवाहित, रिटर्न वेगळं'. आणि बायको? 'परदेशी, अनिवासी'!

डोकंच फिरलं माझं.

"लग्न काय दोन वेगळ्या मांडवांत लागलं होतं का रे आपलं?"

"शुभा, प्लीज. वेगळंच बरं," तो पुटपुटला.

पुटपुटला! म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय.

आता, लपवत मीही होते. चिपळूणच्या पतपेढीत माझी एक ठेव आहे, धाकट्या भावाच्या, पम्याच्या देखरेखीखाली. आमचं कधी बिनसलंच तर हाताशी असावी म्हणून. डॅनीला कळलं तर केवढं लागेल त्याला! पण बाईमाणसानं एवढं करायचंच असतं, त्याला काय लपवणं म्हणतात? तुम्हीच सांगा!

मी तडक त्याच्या टॅक्सवाल्या कुट्टीभाईंना फोन लावला. स्पीकरवर!

"भाईसाब, मेरा और डॅनी का जॉइंट भर सकते हैं?"

"आप दोनों की मर्जी हो तो भर सकते हैं, मॅडम."

"बघ! सोय आहे, आणि इतकी वर्षं बोलला नाहीस, लबाडा! भाईसाब, मेरा नाम डालो, यल्ला, जल्दी!"

डॅनी हातानं नको-नको करत होता. मी पाठ फिरवली.

"फिर आपका भी पूरी दुनिया का इनकम दिखाना पडेगा. इंडिया में कोई एफडी, इंटरेस्ट?"

"मफी!" मी किंचाळलेच. "कुछ भी नहीं!"

"पक्का ना, मॅडम? साइन आपका रहेगा. झूठ निकला तो केस हो सकता है."

खलास! ठेवही माझी आणि सहीही माझीच!

डॅनीनं फोन घेतला. "कुट्टीभाई, लीव्ह इट सेपरेट." फोन ठेवला आणि मराठीत म्हणाला, "वेगळं भरलं तर तुझी चिपळूणची ठेव कोणी विचारत नाही. म्हणून वेगळं."

"तुला... कोणी सांगितलं?"

"पम्या. पहिल्या वर्षीच. तुला कळू द्यायचं नाही, असं ठरलं आमचं."

अस्सा संताप आला म्हणून सांगू! गुपित माझं, आणि इतकी वर्षं ते जपलं या दोघांनी. स्पीकर लावून फोडायला निघाले ती मात्र मी, तेही त्याच्याशीच भांडून!