तापलेला झेंडू

दसऱ्याला गाडीला हार बांधताना झेंडूचा वास आला आणि मी थेट लहानपणीच्या कसालजवळच्या चढावर पोचलो.

बाबांच्या जुन्या जीपमधून वाफ येत होती. बॉनेट उघडून ते पुटपुटले, "पाणी आसा, पंखो फिरता. मगे तापता कित्याक?" त्यांनी रेडिएटरपुढे हात धरला. वारा लागेना. आईने ओवलेल्या जाडजूड हाराने पुढची जाळीच झाकली होती.

"पुजेचो हार काढू नकात," आई म्हणाली.

"मगे तूच घाल!" म्हणत बाबांनी तो कोमट हार भर रस्त्यात तिच्या गळ्यात घातला.

"लोक बगतत!" ती लाजली, पण घरापर्यंत तिने तो काढला नाही.

आता दोघंही नाहीत. मी जाळी मोकळी सोडूनच हार बांधतो. तरी त्या चढावर तापमानाच्या काट्याकडे बघताना वाटतं, चढू दे जरा.