पावण्यांसाठी ठेवलेलं पाणी

पाण्याचा तांब्या हातात आला की मामा आधी तो नाकाशी धरायचे. मग आणून देणाऱ्याकडे बघून विचारायचे, "ह्ये पानी कुठलं म्हनायचं?" समोरचं माणूस ओशाळायचं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुम्हीच सांगा, कुणाच्या घरी जाऊन असं विचारतात का?

मामा म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसातले सगळ्यांत जुने कर्मचारी. पेट्रोल-डिझेल जमिनीत मुरलं की तिथली माती आणि पाणी तपासायचं, त्यातून माणसांना किती धोका आहे ते लिहून द्यायचं, हे आमचं काम. मी नवीकोरी एम.एस्सी., ते दहावी नापास. आणि मी त्यांना शिकवायला निघाले होते!

बाटली भरताना मात्र ते देवपूजेला बसल्यासारखे बसायचे. काठोकाठ भरून, झाकण लावून, उलटी करून टिचकी मारायचे. "बुडबुडा ऱ्हायला की प्याट्रोल त्यात उडून बसतंय. मग लॅबवाले म्हनत्यात, पानी चांगलं हाय." एवढं नेमकं काम करून बाटलीवर मी दिलेला नमुना क्रमांक न लिहिता 'म्हशीवाल्या आजी' असं लिहायचे. लॅबमधून फोन यायचा, तो मी घ्यायचा.

त्या म्हशीवाल्या आजी राधानगरीच्या वाटेवरच्या एका गावातल्या. जवळच्या पंपाची जमिनीतली टाकी गळली होती आणि खालच्या अंगाच्या घरांच्या आडांना वास येत होता. गावात टँकर सुरू झाला होता. आजींनी आम्हाला गार पाणी दिलं, चहा दिला. मामांनी तांब्या नाकाशी धरला आणि नेहमीचा प्रश्न न विचारता पाणी प्याले. मी फॉर्मवर लिहिलं, 'पिण्याचे पाणी: टँकर. आडाचा वापर नाही.' म्हणजे त्या घराला धोका नाही. सही करून मी उठलेसुद्धा.

मामा उठले नाहीत. चुलीपाशी आजींची सून बसली होती, सात महिन्यांची पोटुशी. तिच्या हातातल्या कपाकडे बघत त्यांनी विचारलं, "आजी, सूनबाईंचा च्या कुठल्या पान्याचा?"

"त्यो आडाचा."

"आन् आमचा?"

"तुमचा टँकरचा की! दोन घागरी मिळत्यात, त्या पावण्यास्नी झाकून ठिवतोय. वास मारनारं पानी तुमास्नी कसं द्यायचं?"

आजी हे अगदी अभिमानानं सांगत होत्या. आम्ही पाहुणे होतो, म्हणून आम्हाला चांगलं पाणी मिळालं होतं, आणि ते पिऊन मी त्या घराला सुखरूप ठरवलं होतं.

बाहेर आल्यावर मामा रागावले नाहीत. एरवी चिडले की मला मॅडम म्हणायचे, त्या दिवशी पोरी म्हणाले. "पोरी, मातीत त्याल हाय त्ये यंत्र सांगतंय. त्ये कुनाच्या पोटात जातंय, त्ये यंत्राला कुठनं कळनार?" मी फॉर्म फाडला आणि रस्त्यातच नवा लिहिला.

मग ते पुन्हा आत गेले. आंघोळीलासुद्धा ते पाणी तापवायचं नाही, बंद न्हाणीत त्याची वाफ छातीत जाते, हे त्यांनी सुनेकडून दोनदा वदवून घेतलं. तिथून थेट ग्रामपंचायतीत जाऊन ठिय्या दिला. वरच्या वाडीच्या विहिरीवरून नळ येईपर्यंत ते रोज एक फेरी मारत होते. पुढे सुनेला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण बरी असल्याचं कळलं तेव्हा मामा ऑफिसच्या जिन्यात पाठ करून बराच वेळ उभे होते. मी तिकडे गेले नाही.

मामा निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी गेले. मी आता मोठ्या खुर्चीत बसते. नव्या मुलांना फॉर्म भरायला शिकवते. फार आठवण येते. खोटं कशाला सांगू, कधी कधी त्यांच्यावर रागही येतो, इतक्या लवकर गेले म्हणून.

टाकी काढली, माती उचलली, तरी त्या आडाचं पाणी आम्ही दरवर्षी तपासत होतो. परवा त्याचा अहवाल आला. पेट्रोलमधलं विषारी बेंझीन यंत्राला दिसेल इतकंही आता त्यात नाही. विचार न करताच मी मामांचा नंबर लावला. फोन मामींनी उचलला.

मी म्हटलं, "मामी, एक अहवाल आलाय. वाचून दाखवू?"

"वाच की," त्या म्हणाल्या. "थांब, आवाज मोठा करते."

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. आडाची खोली, पाण्याची पातळी, एकेका रसायनाचं नाव. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. पण मध्ये कुठंही त्यांनी मला थांबवलं नाही, आणि वाचून संपल्यावर आम्ही दोघींनीही फोन ठेवला नाही.