धुराची व्हिस्की आणि नासपतीच्या फोडी

आधी माफी मागतो. आमच्या घरात पत्रापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, आणि पत्रंही बहुतेक बहीणच लिहायची. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिला. प्रबंधाची चार प्रकरणं इंग्रजीत लिहून झाली आहेत, पण तिथे ‘मी’ असं लिहायचं नसतं. त्यामुळे हे लिहायला माझा काय अधिकार, ते मला नीट सांगता येणार नाही. त्यातून विषय व्हिस्कीचा, आणि मी काही पिण्यातला जाणकार नाही. जे थोडंफार कळतं ते दोन माणसांमुळे, आणि त्यातला एक कोण आहे हे मी दुसऱ्यापासून लपवलं. म्हणून लिहितो आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, नगरला एस.टी. स्टँडामागच्या एका परमिट रूममध्ये वेटर आहेत. सव्वीस वर्षं झाली. हे साधं वाक्य त्र्याऐंशीच्या ऑगस्टात अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या या गावी आल्यापासून मी कुणापुढे उच्चारलं नव्हतं.

दुसरे म्हणजे काका, नात्यातले नव्हेत, मी त्यांना तसं म्हणतो. ते मूळचे पुण्याचे, इथल्या विद्यापीठात मृदाशास्त्र शिकवतात, म्हणजे माती. पहिल्या हिवाळ्यात मी कॅम्पसच्या बसस्टॉपवर माकडटोपी घालून कुडकुडत उभा होतो. एक मोठी तपकिरी गाडी पुढे जाऊन थांबली, रिव्हर्स आली, काच खाली झाली.

“ही टोपी आपल्याच माणसाची,” आतून मराठीत आवाज आला. “बस. रविवारी तासाला एकच गाडी असते, तोवर तुझा बर्फ होईल.”

त्या दिवशी काकूंच्या हातचं पिठलं-भात खाल्लं आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी मी तिथे असायचो.

काकांचा रविवार ठरलेला होता. दुपारी तीनला बाटली कपाटातून निघायची, पाचला परत कपाटात. दोनच ग्लास, बर्फ नाही, सोडा नाही, चमचाभर पाणी. रविवारी दारूचं सरकारी दुकान बंद, म्हणून काय प्यायचं ते शनिवारीच ठरायचं. आणि त्याच्यासोबत काय खायचं, हा तर काकांचा खरा छंद. कडू चॉकलेट, निळी बुरशी चढलेलं चीज, धुरावलेला मासा. एकदा काकूंनी चिवड्याची वाटी आणून ठेवली.

“चिवडा नको,” काका म्हणाले. “चिवडा आला की बाकी कुणाचं काही ऐकूच येत नाही.”

“चिवड्याचा आवाज होतो, आणि तुमच्या लेक्चरचा नाही वाटतं?” काकू म्हणाल्या आणि वाटी माझ्या पुढ्यात सरकवली.

काकांना आवडायची ती धुराची व्हिस्की, स्कॉटलंडच्या बेटांवरची. पहिल्या दिवशी त्यांनी मला समजावलं, “पीट म्हणजे काय? माती व्हायचं राहून गेलेलं गवत. ओलं, काळं, हजारो वर्षं दबलेलं. ते जाळून त्याच्या धुरावर बार्ली वाळवतात. म्हणजे मी पितोय तो माझा विषयच आहे.”

“बाकीचे रिसर्च लॅबमध्ये करतात,” काकू आतून म्हणाल्या.

मी पहिला घोट घेतला. लहानपणी गुडघा फुटला की लावायचे ते टिंक्चर आयोडीन, तसं काहीतरी तोंडभर झालं. मी म्हणालो, “छान आहे.”

“खोटं बोलू नकोस. पहिल्यांदा ही कुणालाच छान लागत नाही. वास घे, थोडं खा, मग पुन्हा घोट घे. घाई कशाची आहे?”

खोटं बोलू नकोस हे त्यांनी हसत म्हटलं होतं, मीही हसलो.

आता आप्पांचं सांगतो. आप्पा स्वतः थेंबही घेत नाहीत. पण कुठल्या माणसापुढे काय ठेवावं, हे त्यांना जसं कळतं तसं मी अजून कुणात पाहिलं नाही. सकाळी चहा पिताना ते आईला कालच्या टेबलांची हकिगत सांगत, आणि अभ्यास करता करता ती माझ्या कानावर पडत असे. पहिल्या पेगला खारे दाणे, जीभ जागी होते. दुसऱ्याला आंबट काहीतरी. शेव, मसाला पापड असलं तिखट मालकाला आवडायचं, कारण तिखट खाल्लं की माणूस भराभर पितो आणि पुन्हा मागवतो. आप्पा मात्र एखाद्याचं जास्त होतंय असं दिसलं की न सांगता काकडी नाही तर पेरूच्या फोडी ठेवत, वर काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. “शेव मालकाची, काकडी गिऱ्हाइकाच्या बायकोची,” असं ते म्हणायचे. पेरूचा आणखी एक गुण ते सांगत. हलक्या दारूचा जळका वास पेरू खाली बसवतो.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात काकांकडे धुराच्या व्हिस्कीबरोबर चीज खाताना मला हे आठवलं. चीज आणि धूर तोंडात भांडत होते. मी भीत भीत विचारलं, “काका, एक करून बघू?”

पेरू कुठून मिळणार? काकूंच्या टोपलीत नासपती होती, कडक, जरा कच्चीच. मी पातळ फोडी केल्या, जिरं तव्यावर भाजून लाटण्यानं भरडलं. आईनं दिलेलं काळं मीठ माझ्या खोलीवर होतं. मी खरोखर उठून, चालत जाऊन ते घेऊन आलो. काकांची मुलगी, इथेच जन्मलेली, शाळेतली, ती म्हणाली, “डॅड, इट्स जस्ट अ पेअर.”

काकांनी फोड खाल्ली, घोट घेतला, डोळे मिटले. मग दुसरी फोड उचलली.

“अरे,” ते म्हणाले, “धूर खाली बसला. आणि त्याच्यामागे मध होता! वीस वर्षं पितोय, मला मध दिसला नव्हता. कुठे शिकलास हे?”

हा तो क्षण. माझ्या समोर पुस्तकांनी भरलेली भिंत होती, काकूंचं पांढरं कार्पेट होतं, आणि दोघंही माझ्याकडे कौतुकानं बघत होती. मला तसं बघितलं जायची सवय नव्हती. मी म्हणालो, “घरी हॉटेल लाइन आहे.”

“असं होय! म्हणजे हॉटेल तुमचं?”

“नाही, नाही. वडील मॅनेजर आहेत.”

मालक म्हणालो नाही, यात मी तेव्हा प्रामाणिकपणा मानला होता.

त्यानंतर मी त्या घरात जरा कुणीतरी झालो. कधी आणखी पाहुणे असले की काका सांगायचे, “याचे वडील नगरला मोठ्या हॉटेलचे मॅनेजर. याला विचारा.” मोठं हे काकांनीच जोडलं आणि मी ते काढून टाकलं नाही. काकू दार उघडतानाच म्हणायच्या, “या मॅनेजरसाहेब, आज मेनू काय?” मग मी आप्पांचं एकेक काढत गेलो. मक्याच्या गोडसर अमेरिकन व्हिस्कीला खारे दाणे, मिठाच्या पाण्यात भिजवून मग भाजलेले. उकडलेल्या अंड्यावर लिंबू. गोड कधीच पहिल्या घोटाआधी नाही, जीभ झोपते. प्रत्येक वेळी वाहवा व्हायची आणि ती मी घ्यायचो. व्हिस्कीही मला आवडू लागली होती. खोटं कशाला बोलू, मला त्या दुपारी फार सुखाच्या वाटायच्या. खिडकीबाहेर बर्फ, हातात तो जड ग्लास, जिभेवर मीठ आणि धूर, आणि एक शिकलेला माणूस माझं मत विचारतो आहे.

तिसऱ्या वर्षी डिसेंबरात काका पुतण्याच्या लग्नाला पुण्याला निघाले. इथून जो कुणी गावी जातो तो बाकीच्यांच्या आई-वडिलांना भेटून येतो, सामान पोचवतो, येताना लाडू-चटण्या आणतो. त्यात विचारायचं काही नसतंच. काका म्हणाले, “पुण्याहून नगर म्हणजे तीन तास. मी जाणारच. तुझ्या वडिलांसाठी एक बाटली नेतो, या धुराचीच. जाणकाराकडे जाणकारानं रिकाम्या हातानं जाऊ नये.”

“आप्पा पीत नाहीत,” मी म्हणालो.

“मॅनेजर आणि पीत नाही? मग तर भेटायलाच हवं!”

“त्या दिवसांत ते बहुतेक कामात असतील.”

“मग हॉटेलवर जाईन. त्यात काय?”

मी घाईघाईनं म्हणालो, नको, घरीच जा, घरी त्यांना बरं वाटेल. पत्ता लिहून दिला. त्यात परमिट रूमचा उल्लेख असलेली खूण नेहमी असते, ती गाळली आणि शाळेची खूण दिली.

मग आप्पांना पत्र लिहायला बसलो. फोन करता आला असता, पण आमच्यासाठी निरोप घेणारा फोन होता तो बारच्या गल्ल्यावर, मालकाच्या कोपराशी. पत्राचे तीन कागद फाडले. ‘मी असं असं सांगितलं आहे, सांभाळून घ्या’ एवढंच लिहायचं होतं आणि तेच लिहवेना. आप्पांना खोटं बोलायला सांगायचं, तेही त्यांच्याच कामाबद्दल. शेवटी लिहिलं, ‘काका येतील. फार मोठे प्राध्यापक आहेत. त्यांना घरीच भेटा, कामाच्या ठिकाणी नेऊ नका.’ का ते लिहिलं नाही. पत्र पेटीत टाकलं आणि मला वाटलं, मी खोटं काहीच लिहिलेलं नाही.

ते तीन आठवडे मी लॅबमध्ये एकच मोजमाप चारचार वेळा घेत होतो. काकांच्या डोळ्यांपुढे आमची खोली येत असेल, खुंटीवरचा आप्पांचा पांढरा ड्रेस, खिशाला बिल्ला. काकांना कळलं तर ते मला काय म्हणतील, याचीच भीती मला होती. आप्पांना कळलं तर त्यांना काय वाटेल हा प्रश्न खरं सांगतो, मला पडलाच नाही.

जानेवारीत काका परतले. त्या रविवारी मी गेलो. काकूंनी दार उघडलं, “या, मॅनेजर...” आणि काका आतून म्हणाले, “अगं, त्याला आधी आत तर येऊ दे.” पिशवीत आईनं पाठवलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या होत्या.

“भेटलो,” काका म्हणाले. “फार चांगला माणूस.”

“काय बोललात?”

“तुझ्याबद्दलच. आणि पेरूबद्दल.” ते बाटलीचं बूच काढत होते. “त्यांनी मला ग्लास भरून दिला. मला आजवर असा कुणी भरून दिला नव्हता.”

एवढंच. मी पुढे विचारलं नाही. सुटलो, हाच विचार मनात होता. त्या दुपारी व्हिस्की मला नेहमीपेक्षा चांगली लागली, हे मला आता लिहितानाही लाजवतं. त्यानंतर काकांनी पाहुण्यांपुढे माझ्या वडिलांचं काम कधी काढलं नाही आणि काकूंनीही मॅनेजरसाहेब म्हणणं सोडलं. बदल माझ्या लक्षात आला होता. मी त्याचा अर्थ लावला नाही.

मे महिन्यात बहिणीचं लग्न झालं. मला जाता आलं नाही. जुलैत तिचं सासरहून पहिलं पत्र आलं, परदेशी टपालाच्या निळ्या एरोग्रामवर, कडेपर्यंत भरलेलं. सुरुवातीलाच तिनं लिहिलं होतं की, घरी असेपर्यंत आप्पांनी हे लिहायला बंदी घातली होती, आता सासरी कोण बघतं.

काका आले तेव्हा आप्पा चहाचा ट्रे घेऊन उभे होते. काका म्हणाले, “तुम्ही मॅनेजर ना हॉटेलचे? पोरगा फार सांगतो तुमचं.” आई आप्पांकडे बघत राहिली. आप्पा तसेच उभे राहिले, मग म्हणाले, “हो.” आणि ट्रे खाली ठेवून पाहुण्यांसमोर खुर्चीत बसले. चारला ड्यूटी होती. मॅनेजरनं घाई कशी करायची, म्हणून सहापर्यंत बसून राहिले. काकांनी बाटली उघडायचा आग्रह केला, तेव्हा आप्पांनी धुतलेला रुमाल घेऊन बाटली बुडाशी धरली, लेबल पाहुण्याच्या बाजूला, आणि मापाशिवाय बरोबर एक पेग ओतला. काका त्यांच्या हाताकडे बघत होते, बहिणीनं लिहिलं होतं. मग काकांनी दोन्ही हातांनी ग्लास घेतला.

खाली शाई बदलली होती. बहुधा दुसऱ्या दिवशी लिहिलं असावं.

‘तुला माहीत नसेल दादा, आप्पा आधी प्रत्येक टेबलाला सांगायचे, माझा मुलगा अमेरिकेत पीएच.डी. करतो म्हणून. मालक चिडायचा, गिऱ्हाइकं हसायची, तरी सांगायचे. काका येऊन गेल्यापासून बंद. म्हणतात, इथे पुण्या-मुंबईची माणसं येऊन बसतात, त्यातलं कुणी तिकडे जाऊन बोललं तर पोराचा शब्द खोटा पडेल. परवा माझे मामेसासरे, लग्नाला न आलेले, ओळख न देता तिथे बसले होते. त्यांनी विचारलं, मुलंबाळं किती. आप्पा म्हणाले, एक मुलगी आहे, तिचं लग्न झालं.’