आवडाबाईंकडचं भोजनदान

म्हसळ्याच्या अलीकडे आमची बौद्धवाडी. तिथल्या आवडाबाईंना द्यायला कुणी शिकवावं लागलं नाही. घ्यायला शिकवताना मात्र अख्ख्या वाडीने हात टेकले. त्यांनी पाठवलेले पापड मुकाट खावेत, पण त्या रिकाम्या ताटलीत चार वडे घालून परत पाठवायच्या भानगडीत पडू नये. ताटली वड्यांसकट आपल्याच घरी येते.

त्याला कारण होतं. त्यांच्या सासूने पोरवयात वरच्या आळीत दारोदार उभं राहून शिळे तुकडे मागितले होते. धम्म स्वीकारला त्या दिवशी मागायची टोपली घरच्यांनी चुलीत घातली. पुढे सासूने सुनेला बजावलं, या घरातून द्यायचं, घ्यायचं नाही. आवडाबाईंनी ते पाळलं. माझ्या मते जरा जास्तच.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, भंतेजी आमच्या विहारात मुक्कामाला असतात आणि रोज एका घरी भोजनदान असतं. आवडाबाईंचा दिवस आला की वालाच्या बिरड्याचा वास विहारापर्यंत जायचा. यंदा दिवस तोंडावर आला आणि बाई बांधावरून घसरल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, मुलगा राहुल कामाला पनवेलला. शेजारची नूतन डबा घेऊन यायची, या दारातूनच परत धाडायच्या आणि चहात पाव बुडवून खायच्या. भोजनदान दुसऱ्या घरी देऊ म्हटलं, तर त्यांना रडू कोसळलं. मग कुणी विषय काढला नाही.

ठरल्या दिवशी भंतेजी पात्र घेऊन दारात आले. नूतन डबा घेऊन आधीच अंगणात उभी होती, मीही होतो.

"भंते, आज घरात शिजलंच न्हाय," आवडाबाई खाली बघत म्हणाल्या. "आन् दुसऱ्याचं मी घेत न्हाय."

भंतेजी शांतपणे म्हणाले, "मी तर रोज दुसऱ्याचंच खातो, आई. मग मी कोण?"

एरवी मला त्यांच्या हट्टाचा राग यायचा, त्या क्षणी तो आला नाही. आवडाबाईंनी डावा हात पुढे केला आणि नूतनकडून डबा घेतला. आधी भंतेजींच्या पात्रात वाढलं. ते जेवून, आशीर्वाद देऊन गेल्यावर उरलेलं स्वतःच्या ताटात घेतलं आणि आमच्यासमोर जेवायला बसल्या. नूतन जीव मुठीत धरून बघत होती.

आवडाबाईंनी घास गिळला, पदराने डोळे पुसले.

"मीठ वाईच कमी हाय, नूतन," त्या म्हणाल्या. "उद्या बघून घाल."