बुरमाकानने दिलेली भूमिका

बुरमाकानबद्दल सागिनालीला फार थोडं माहीत होतं. ती डोंगरातल्या या नारिन गावी कुठून आली, आधी काय करायची, इतकं न अडखळता वाचायला कुठे शिकली, हे त्याने कधी विचारलं नाही. कुणी म्हणे ती शाळेत होती, कुणी म्हणे दूध गोळा करणाऱ्या केंद्रावर. नवरा गेलेला, एक मुलगी कोचकोरला दिलेली. याखेरीज त्याला ठाऊक होता तो तिचा आवाज आणि सांध्यांशी सुजलेली तिची बोटं. ती चहात दूध आधी घालते की नंतर, हेसुद्धा तो खात्रीने सांगू शकला नसता.

ती बोटंच पुढच्या सगळ्याला कारण झाली. लोकरीच्या नमद्याचे गालिचे शिवणाऱ्या बायकांच्या कारखान्यात ती शिवायलाच आली होती. पण पहिल्याच हिवाळ्यात तिला दाभण धरवेना. बायकांनी तिला घरी पाठवलं नाही. म्हणाल्या, आमचे हात कामात असतात, कान रिकामेच असतात, तेव्हा तू बस आणि वाचून दाखव. मग बुरमाकानने बाजारातून एक जाडजूड प्रेमकथा आणली. तिची पहिली काही पानं गळालेली होती, पण त्यावाचून कुणाचं अडलं नाही.

सागिनाली तिथली शेगडी सांभाळायचा. त्याआधी सारा जन्म गावच्या नाटकगृहात गेला होता. तो पडदा ओढायचा, आणि माणूस कमी पडला की झगा चढवून पहारेकरी व्हायचा, नाहीतर वऱ्हाडी. एकदा प्रेतही झाला होता. बोलायला मात्र त्याला एकच वाक्य मिळालं, "पाहुणे आले." कारखान्यातल्या बायकांनी ती सगळी नाटकं पाहिली होती. त्यांच्यातली अनिपा मोठी तिखट जिभेची. सागिनाली लाकडं घेऊन दारात दिसला की ती न चुकता म्हणायची, "पाहुणे आले." तो मान खाली घालून शेगडीकडे जायचा.

एके दिवशी तो असाच लाकडांचा भारा छातीशी धरून आत आला. बुरमाकान वाचत होती. त्याच्या कानावर पडलं, "सागिनालीने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, तू नाही म्हणालीस तरी मी या खिंडीतून हलणार नाही."

सगळा भारा त्याच्याच पायावर आला. बायका पोट धरधरून हसल्या, एकीची तर सुई हरवली. बुरमाकान हसली नाही. तिने चष्म्यावरून पाहिलं, लाकडं ओली दिसतात म्हणाली, आणि पुढचं पान उलटलं.

हळूहळू त्याला उलगडा झाला. पुस्तकात चित्रं नव्हती आणि बायकांना चेहरे हवे होते, म्हणून त्यांनी आपल्या नाटकगृहातल्या नटांना भूमिका वाटून दिल्या होत्या. नायिका गुलसायरा. तरुणपणी तिने सगळं खोरं रडवलं होतं. आता ती दारातून आडवी होऊन आत येते, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा बाकीच्यांनी तिला गप्प केलं. दुष्ट काका म्हणून दूरोनबेक, जो रंगमंचावर खरं मांस खायचा आणि दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत ताट चाटून पुसून ठेवायचा. नायकाच्या आईवरून तर एक अख्खी सकाळ भांडण चाललं होतं. पण नायकाच्या जागी आपण कसे आलो, हे सागिनालीला कुणी सांगितलं नाही, आणि त्याची विचारायची छाती झाली नाही. थट्टाच असणार, असं त्याने मनाशी धरलं.

तरी तो रोज दाढी करू लागला. कोटाचं तुटलेलं बटण लावलं. राख काढायच्या निमित्ताने शेगडीपाशी जरा जास्त वेळ बसू लागला. पुस्तकातला सागिनाली बर्फातून नदी ओलांडायचा, लांडग्याला परतवायचा, आणि बाईमाणसाशी असं बोलायचा की शेगडीपाशी बसलेल्याचे कान तापायचे. घरी मेंढीला चारा घालताना तो त्यातलं एखादं वाक्य हळूच म्हणून बघायचा. मेंढी रवंथ करत राहायची. या साऱ्यात त्याला एकच गोष्ट कळून घ्यायची होती. तिने आपल्याला निवडलं, ते हसण्यासाठी की खरोखर?

उत्तर मिळालं ते अनिपाकडून, चहाच्या वेळी. बुरमाकान बाहेर गेली होती. अनिपाची नजर त्याच्या गुळगुळीत गालांवर गेली.

"आके, फार हुरळू नका," ती म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषाला तिथे आके म्हणत. "पुस्तकातला नायक तेमिरबेक आहे. आणि तेमिरबेक हे बुरमाकानच्या थोरल्या दिरांचं नाव. सून ती, थोरल्यांचं नाव तोंडातून काढील का? नवरा गेला म्हणून सासर थोडंच जातं? पहिल्याच पानाला अडली बिचारी. नुकतेच तुम्ही राख काढून बाहेर गेला होतात, तुमचं नाव घेतलं. तुम्ही नसता तर शेगडीचं घेतलं असतं."

त्याच्या लक्षात हे आधीच यायला हवं होतं. त्याच्या बायकोने मरेपर्यंत त्याच्या वडिलांचं नाव घेतलं नव्हतं, कुंपणवाले म्हणायची. दुसऱ्या दिवसापासून तो दाढी करेनासा झाला. राख झटपट काढून सरपणाच्या खोपटात जाऊन बसायचा. तिथे थंडी फार होती, पण निदान कुणी नदी ओलांडत नव्हतं.

पुस्तक संपलं. लग्न लागलं, बायका पोटभर रडल्या, आणि आठवडाभराने दुसरं पुस्तक आलं. पहिल्या दिवशी सागिनालीला आतच थांबावं लागलं, कारण वारा उलटा होता आणि शेगडी धुमसत होती. बुरमाकानने वाचायला सुरुवात केली. या खेपेचा नायक होता आलिमबेक. तिने ते नाव मोकळेपणाने घेतलं, एकदा, दोनदा, अनेकदा. तिच्या सासरी या नावाचं कुणी नव्हतं. झालं, सागिनालीने मनात म्हटलं, आता आपली सुटका. सुटका झालेल्या माणसाला वाटतं तसं मात्र त्याला काही वाटलं नाही.

दोन-तीन पानांनंतर बुरमाकान थांबली. चष्मा काढून डोक्याच्या रुमालाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. तरी वाचेना.

"आता काय झालं?" अनिपाने विचारलं. "हा काही तुझा दीर नाही."

"नाही," बुरमाकान म्हणाली. "पण हा माणूस मला दिसतच नाही. घोड्यावरून उतरतो, पण याला तोंडच नाही. आधीचाच बरा होता."

आणि कुणाकडे न बघता तिने ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. सागिनाली घोड्यावरून उतरला. सागिनालीने घोड्याला पाणी दाखवलं. या वेळी कुणी हसलं नाही. अनिपासुद्धा दाभणात दोरा ओवत बसली. शेगडी काठोकाठ भरलेली होती, तरी सागिनालीने तिच्यात आणखी एक लाकूड कोंबलं.

दुसऱ्या दिवशी तो दाढी करून आला. राख काढायला त्याला पुन्हा वेळ लागू लागला. तो तिच्याशी बोलला असं नाही. एकदा त्याने तिच्या पायांशी निखाऱ्यांची परात सरकवली, एकदा तिने आपल्या वाटणीचे बोर्सोक, कणकेचे तळलेले तुकडे, त्याच्यापुढे ठेवले. तेवढंच.

वसंतात कोचकोरहून निरोप आला, मुलीला मुलगा झाला होता. पाळण्याचं जेवण, मग उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर वरच्या कुरणावर. बुरमाकान शरदात परतणार होती. अर्धं राहिलेलं पुस्तक तिने फळीवर ठेवलं आणि बायकांना बजावलं, मी येईपर्यंत कुणी एक ओळ पुढे वाचायची नाही. अनिपाने शपथ घेतली. तिच्या शपथेवर कुणाचा विश्वास बसला नाही.

गाडीपर्यंत तिचं बोचकं सागिनालीने नेलं. पुस्तकातलं एक वाक्य त्याने मेंढीपाशी चांगलं घोटून ठेवलं होतं, पण गाडीपाशी पोचेपर्यंत त्यातला एक शब्दही उरला नाही. त्याने बोचकं मागे नीट बसवलं, तोवर ती खिडकीपाशी जाऊन बसली होती. तिने काच सरकवली.

"सागिनाली-आके, या खेपेला लाकडं आधीच छपराखाली आणून ठेवा. ओल्या लाकडाच्या धुराने अक्षर दिसत नाही."

"ठेवतो," तो म्हणाला.