गोल झालेला नट

मिस्त्रींचं तोंड फाटकं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. चाळीस वर्षं त्यांनी मोटरसायकली दुरुस्त केल्या, तेवढीच वर्षं गिऱ्हाइकांना फैलावर घेतलं, तरी गॅरेज कधी रिकामं राहिलं नाही. हातात कसब होतं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात थरथरायला लागला. तेव्हा एकुलत्या एका मुलीने आपल्या नवऱ्याला गॅरेजमध्ये उभं केलं. त्या दिवसापासून सासरा-जावयाचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. मिस्त्री त्याला ‘जावईबापू’ म्हणत, ते असं की ऐकणाऱ्याला शिवीच वाटावी. जावई त्यांना कधी मामा म्हणाला नाही. गिऱ्हाइकांसारखं नुसतं ‘मिस्त्री’.

त्या सकाळी दवाखान्यातल्या नर्सबाई मोटरसायकलचं ऑइल बदलायला आल्या. जावयाने जुनं ऑइल सोडायला इंजिनाखालच्या नटाला पाना लावला. नट हलेना. जोर लावला तसा पाना घसरला, नटाच्या कडा गेल्या आणि पाना नुसताच गरगर फिरायला लागला.

"घातलंत मातीत?" मिस्त्री बाकावरून म्हणाले. "बाई, तुम्ही आपलं पायीच जात जा. आमच्या जावईबापूंना अजून पाना धरता येत नाही."

जावयाने पाना फरशीवर आपटला. "तुम्हाला येतंय ना? मग या. काढा."

हे तो त्यांच्या उजव्या हाताकडे बघून म्हणाला.

मिस्त्री उठले. आधी इंजिन पाच मिनिटं तापवायला लावलं. मग उजव्या हाताने छिन्नी नटाच्या कडेला तिरकी लावली, डाव्या हातात हातोडी घेतली. छिन्नीचं टोक जागेवर टिकेना. तिसऱ्या खेपेला ते घसरलं आणि इंजिनावर लांब ओरखडा उठला.

"सरका," जावई म्हणाला. "मी धरतो, तुम्ही मारा."

"बोटं तुमची आहेत."

"मारा म्हटलं ना."

दोन घाव नीट बसले. तिसरा जावयाच्या बोटावर पडला. रक्त आलं, नर्सबाई उठून पुढे आल्या.

"मुद्दाम मारलंत?" जावयाने विचारलं.

"नाही," मिस्त्री म्हणाले. पण ते म्हणायला त्यांना जरा वेळच लागला.

जावयाने तशीच पुन्हा छिन्नी धरली. पाचव्या घावाला नट कुरकुरला आणि फिरला. बाहेर आला तो इंजिनातले आटे सोलूनच. जावयाने तो उजेडात धरला. मागच्या वेळी कुणीतरी तो वाकडा लावून बळेच पिळला होता.

"बाई, मागच्या वेळी ऑइल कुणी बदललं?"

नर्सबाई म्हणाल्या, "मिस्त्रींनीच. तुम्ही बाहेर गेला होतात."

जावयाने नवे आटे पाडले, जाड नट बसवला आणि गाडी देऊन टाकली.

दुपारी मुलीने नवऱ्याचं बोट बांधलं आणि ती बापाकडे आली. "बाबा, काय झालं नक्की?"

"नट मीच वाकडा बसवला होता. हात ऐकत नव्हता. कळलं होतं मला, तरी पान्याला पाइप लावून आवळला."

"हे त्यांना सांगा."

"तू सांग."

"दोन वर्षं मी तुमचे निरोप नेतेय. आता पुरे."

मिस्त्री गॅरेजमध्ये गेले. जावई रॉकेलमध्ये एकाच हाताने सामान धूत होता.

"तो नट..."

"माझ्या लक्षात आलं."

"बाईंसमोर बोलला नाहीत."

"गिऱ्हाईक तुटलं असतं. तुमच्यासाठी गप्प नाही बसलो. मी नसताना पुन्हा पान्याला हात लावलात तर कुलूप घालून जाईन."

मिस्त्रींच्या ओठांवर शिवी आली, ती त्यांनी गिळली. "आज पाडलेत ते आटे वर्षभर टिकतील. जास्त नाही."

"का?"

"तुम्ही आटे पाडायचं हत्यार नुसतं पुढे रेटता. दर फेऱ्याला जरा मागे फिरवावं लागतं, नाहीतर धातूचा कीस अडकतो आणि आटे फाटतात."

जावयाने हात पुसले. भंगारातलं एक जुनं इंजिन ओढून मिस्त्रींपुढे पायाने सरकवलं.

"बोला, मी करतो. तुम्ही हात लावायचा नाही."

मिस्त्री बोलायला लागले. दिवस मावळेपर्यंत बोलत होते, मधूनमधून त्याची अक्कल काढत. जावईही प्रत्येक वेळी उलट उत्तर देत होता आणि हत्यार जरा मागे फिरवत होता.