झोई या नावावरून

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांइतका रागीट माणूस दुबईच्या अख्ख्या देरा भागात नव्हता, आणि त्यांच्याइतका बिनविषारीही नव्हता. त्यांचा सगळा राग नावांवरून असे. नावं मोडणाऱ्यांवर, नावं आखूड करणाऱ्यांवर आणि अर्थ ठाऊक नसताना नाव मिरवणाऱ्यांवर. नव्वदच्या दशकात मी दुबईला नोकरीला आलो, तेव्हा लिफ्टमधल्या पहिल्याच भेटीत त्यांनी मला नाव विचारलं, मग त्याचा अर्थ विचारला. मला तो सांगता येईना. "मग इतकी वर्षं कुणाच्या नावावर जगतोयस?" असं म्हणून ते आपल्या मजल्यावर उतरून गेले. माझाही मजला तोच होता, पण त्यांच्यामागून उतरायचा धीर झाला नाही. मी दोन मजले वर जाऊन जिन्यानं खाली आलो.

रास अल खोरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत ते अकाउंट्स बघत. तिथला अरबी मालक देवमाणूस, पण सगळ्यांना 'हबीबी' म्हणायचा. काका म्हणत, "हबीबी म्हणजे लाडक्या. हा मलाही लाडक्या म्हणतो, ड्रायव्हरलाही लाडक्याच म्हणतो. मग माझं बारसं केलं कशाला?" एकदा त्यांनी हे मालकाला इंग्रजीत, मुद्देसूद ऐकवलं. मालकानं शांतपणे ऐकून घेतलं, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "खलास, हबीबी." काका तीन दिवस घरी कुणाशी बोलले नाहीत. मजुरांच्या कॅम्पांच्या वस्तीला सगळे सोनापूर म्हणत, त्याचा तर त्यांना खरोखर संताप येई. "आमच्याकडे सोनापूर म्हणजे स्मशान. एकेका खोलीत दहा-दहा जिवंत माणसं कोंबायची आणि वर हे नाव. ज्यानं ठेवलं त्याला तिथं नेऊन झोपवा." तेवढ्यापुरता त्यांचा आवाज नेहमीसारखा चढत नसे, उलट खाली येई.

मुलीचं नाव त्यांनी मृण्मयी ठेवलं होतं. म्हणजे दुबईत कुणालाही उच्चारता येणार नाही असं नाव स्वतःच निवडून मग ते दुबईवर चिडत. शाळेत बाई तिला 'मिनी' म्हणतात असं कळल्यावर हे शाळेत गेले आणि बाईंकडून वर्गासमोर 'मृण्मयी' म्हणवून घेतलं. मृण्मयी मान खाली घालून म्हणत होती, "बाबा, प्लीज. लेट इट गो." लेट इट गो करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

मृण्मयी लग्न होऊन शारजाला गेली, पुढे तिला दिवस गेले आणि सातव्याच महिन्यात ती बाळंत झाली. मुलगी एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली. काकांनी नातीसाठी 'ऋतंभरा' हे नाव काढून ठेवलं होतं. अशा वेळी ते बोलणं बरं नव्हे, हे कळत असल्यामुळे ते गप्प होते. पण एका सकाळी मृण्मयीचा फोन आला आणि बोलता बोलता ती बाळाला 'झोई' म्हणाली. पाचव्या मिनिटाला काका माझ्या दारात उभे. "गाडी काढ. कुणी सायप्रसची नर्स आहे, तिनं परस्पर माझ्या नातीचं बारसं केलंय. झोई म्हणे. हे नाव आहे की जांभई?" मागच्या सीटवर काकू डोळे मिटून बसल्या होत्या. शारजा येईपर्यंत काका इंग्रजी वाक्यं जुळवत होते.

नर्स पन्नाशीची, ठेंगणी बाई. काकांनी विचारलं, "माझ्या नातीला नाव ठेवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

ती नळी नीट करत होती. वर न बघता म्हणाली, "तिला हाक मारायला काहीतरी हवं होतं."

"पाटीवर तिच्या आईचं नाव लिहिलंय."

"त्या नावानं हाक मारली तर आई वळून बघेल. मला हिनं बघायला हवं होतं."

काकांनी ठेवणीतला प्रश्न काढला. "आणि याचा अर्थ काय?"

"जीवन. आमच्या ग्रीकमध्ये झोई म्हणजे जीवन."

मग मृण्मयी बोलली. "बाबा, पहाटे ती श्वास घ्यायची थांबली होती. सिस्टर तिचे तळपाय चोळत होत्या आणि झोई, झोई म्हणून हाका मारत होत्या. त्या हाकांवर ती परत आली."

काका काचेशी गेले. मग वाकून, 'झोप' या शब्दात 'झ' असतो तसा अचूक 'झ' लावून त्यांनी ते नाव एकदा उच्चारलं. काकूंनी पदर तोंडाला लावला.

परतताना त्यांच्या रागानं दिशा बदलली होती. "हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?" दुसऱ्या दिवसापासून ते त्या नावाच्या मागे लागले. इंटरनेट कॅफेत जाऊन बसू लागले, पुण्याच्या एका संस्कृतच्या प्राध्यापक मित्राला फोनवर पिडू लागले. ज्यूंचा धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणणाऱ्यांनी आदिमाता हव्वेचं नाव भाषांतर करून 'झोई' असं लिहिलं, हे मला त्यांनी जिन्यात थांबवून सांगितलं. पुढे कॉन्स्टँटिनोपलला या नावाची सम्राज्ञी होऊन गेली, हे लिफ्टमध्ये. आणि एका शुक्रवारी, मी दाढी करत असताना, साबणाच्या तोंडानं मला दारात उभं करून सर्वांत मोठी बातमी दिली: ग्रीकांचा 'झोई' आणि आपला 'जीव' मुळात एकच शब्द. "सख्खी भावंडं. एक तिकडे गेलं, एक इकडे आलं. आणि मी मूर्ख त्याला जांभई म्हणालो."

नात दोन महिन्यांनी घरी आली. बारशाला जावयाच्या आई म्हणाल्या, "असलं किरिस्तावी नाव आमच्यात नको." झालं. काकांनी भर बारशात उभं राहून ख्रिस्ताच्या आधीपासूनचा इतिहास सांगितला. पेढे वाटायचे राहिले. विहीणबाई शेवटी म्हणाल्या, "ठेवा हो तेच, पण आता बसा."

पुढे मुलगी-जावई ऑस्ट्रेलियाला गेले. काका निवृत्त झाले, व्हिसा संपला, ते कोथरूडला परतले. दोन हजार चार-पाचच्या सुमारास सुट्टीवर गेलो तेव्हा त्यांना भेटलो. काकू चहा टाकत होत्या, तेवढ्यात मेलबर्नहून फोन आला. काकांनी स्पीकर लावला. नात इंग्रजीत घडाघडा बोलत होती. तिच्या वर्गात झोई नावाच्या आणखी दोघी होत्या, म्हणून बाईंनी हिला 'झेड' म्हणायला सुरुवात केली होती.

मी कप खाली ठेवला आणि स्फोटाची वाट बघू लागलो. काका फक्त "बरं, बाळा" म्हणाले. फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. "काका, झेड म्हणतात तिला. आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत."

ते खिडकीबाहेर बघत होते. "म्हणू दे रे," ते म्हणाले. "हाक आली की ती ओ देते ना? त्या दिवशी काचेपाशी तेवढंच तर मागितलं होतं."